लाल शाईतला शेरा

"सर, यात चुकीचं काय आहे तेवढं सांगा," मालनताई म्हणाल्या आणि वाचनालयाची सूचना वही त्यांनी माझ्याकडे फिरवून ठेवली.

वहीच्या डाव्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'वाचनालयास अमुक यांचे नाव द्यावे.' उजव्या पानावर वेगळ्या अक्षरात, 'वाचनालयास तमुक यांचे नाव द्यावे.' अमुक आणि तमुक हे दोघेही फार मोठे पुरुष. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. दहा वर्षं झाली, पण अजून धीर होत नाही.

दोन्ही पानांच्या तळाशी लाल शाईत एकच शेरा होता. 'आहे ते नाव पुरेसे आहे. आधी छपराचे पत्रे बदलावेत. – प्रभारी ग्रंथपाल.'

प्रत्येक सूचनेखाली ग्रंथपालांनी आठवड्याच्या आत लाल शाईत शेरा लिहायचा, असा आमच्या वाचनालयाचा स्थापनेपासूनचा नियम. आधीचे ग्रंथपाल तीस वर्षं 'नोंद घेतली' एवढंच लिहीत आले. पंखा बंद आहे, नोंद घेतली. संडासाला कडी नाही, नोंद घेतली. मालनताईंचा समज असा झाला होता की सूचना वाचून मग शेरा लिहायचा असतो.

"चुकीचं काहीच नाही," मी म्हणालो.

"मग हे बघा." त्यांनी मोबाईल पुढे केला. डाव्या पानाचा फोटो अमुकवाल्यांच्या ग्रुपवर फिरत होता, उजव्या पानाचा तमुकवाल्यांच्या. प्रत्येकाकडे आपापलंच पान. त्यामुळे एका ग्रुपवर मालनताई तमुकांच्या हस्तक ठरल्या होत्या आणि दुसऱ्यावर अमुकांच्या. एकीकडे 'जातीयवादी बाई', दुसरीकडे 'छुपी नक्षलवादी'. दोन्हीकडे शेवटी हात जोडलेले.

"फोटो काढू कसे दिलेत?"

"वही वाचकांसाठीच असते ना सर? एक जण मंगळवारी आला, एक बुधवारी. मला वाटलं पत्र्यांचं मनावर घेतलं कुणीतरी."

"म्हणजे तुम्ही एकाच वेळी दोन्हीकडच्या कट्टर झालात."

हा विनोद होता. त्या हसल्या नाहीत.

"रविवारी माझा विषय आहे," त्या म्हणाल्या.

ते मला माहीत होतं. विषयपत्रिका मीच काढली होती. मी वाचनालयाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही आणि सुटकाही नाही. एरवी हायस्कुलात भूमिती शिकवायचो. रविवारच्या सभेत विषय क्रमांक दोन होता, श्रीमती मालन ठोंबरे यांना ग्रंथपालपदी कायम करणे. सतरा वर्षं त्या सहायक होत्या आणि सहा महिने प्रभारी. पुढच्या महिन्यात त्यांना पंचेचाळीस पूर्ण होणार होती, आणि पंचेचाळिशीनंतर नेमणूक द्यायची नाही असा आमच्या घटनेत नियम. म्हणजे या रविवारी झालं तर झालं.

"पोरगी बारावीला आहे," त्या म्हणाल्या. "नर्सिंगला जायचं म्हणते. कायम झाले तर जमेल." मग वही मिटत म्हणाल्या, "आत्ता म्हणालात ना, चुकीचं काही नाही? तेवढंच सभेत बोला सर. जास्त काही नको."

"बोलतो की," मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

माझं मत खरंच त्यांच्यासारखं होतं. माझी मतं एकूणच पत्रे बदलण्याच्या जातीची. कुणाचं रक्त सळसळावं असं त्यांत काही नसतं. पण त्या दिवसांत गावात दोनच प्रकारची माणसं उरली होती, इकडची कट्टर आणि तिकडची कट्टर. मधे उभा राहणारा हा पलीकडचाच, फक्त कपडे बदलून आलाय, अशी दोघांचीही खात्री असायची. वर्षभरापूर्वी आमच्या स्टाफरूममध्ये कशावरून तरी जुंपली, तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो की जरा दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात. मधल्या सुट्टीत इतिहासाच्या सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही त्यांच्यातले कधीपासून?" शाळा सुटताना खेळाच्या सरांनी तोच प्रश्न विचारला. त्यांचे 'ते' वेगळे होते. पुढे पंधरा दिवस दोघंही माझ्या डब्यातली चटणी घेत नव्हते. तेव्हापासून मी मतं घरी ठेवून शाळेत जायला लागलो. नंतर घरीही ठेवता येईनात, कारण दोन मेहुणे आहेत.

त्याच दिवशी संध्याकाळी मी दिनकरराव पोवारांच्या दुकानात गेलो. पोवार वाचनालयाचे खजिनदार, बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. मला पाहताच त्यांनी कुकरची शिट्टी खाली ठेवली आणि आवाजही तितकाच खाली आणला.

"त्या बाईनं काय वाईट लिवलंय वो? गेल्या पावसात माझ्या डोक्यावर थेंब पडत हुता अख्खी सभा. बरोबर लिवलंय."

"मग रविवारी बोला."

"मी?" पोवारांनी दुकानाबाहेर नजर टाकली. "कुंभोजकर, माझं निम्मं गिऱ्हाईक अमुकवालं, निम्मं तमुकवालं. मी तोंड उघडलं तर कुठलं निम्मं जाईल सांगता येत न्हाई. तुम्ही बोला की. तुम्ही मास्तर. मास्तराचं कोण मनावर घेतंय?"

"मी बोललो तर तुम्ही मान डोलवाल?"

"मान…" ते जरा विचारात पडले. "मान पण दिसती की वो."

समितीत आम्ही सात जण. पोवारांसारखेच आणखी दोघे मला शुक्रवारपर्यंत भेटले, एक दूध घेताना, एक केस कापून घेताना. बाई बरोबर आहे असं दोघेही म्हणाले आणि माझं नाव घेऊ नका असंही दोघेही म्हणाले. आमच्यात वाटाघाट एवढीच उरली होती की नाव कुणाचं घ्यायचं.

शनिवारी सकाळी अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे डॉ. हुपरीकर, निवृत्त पशुवैद्य. तीस वर्षं अडलेल्या गायी सोडवण्यात गेलेली, त्यामुळे त्यांना बोलण्याची फारशी सवय नव्हती.

"कुंभोजकर, त्या शेऱ्याचं काहीतरी करायला लागेल."

"काय करायचं, डॉक्टर?"

"ते तुम्ही लिहा. तुम्हाला भाषा येते. असं लिहा की प्रकरण मिटेल."

"म्हणजे बाईंचं…"

"रविवारी दोन्हीकडची पोरं येऊन बसणार आहेत म्हणे. शांततेत झालं पाहिजे सगळं." आणि फोन ठेवला.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. आमच्या सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं असे. पूर्वीचे चिटणीस वयस्कर, त्यांना भर सभेत भराभर लिहिता यायचं नाही, म्हणून ते आधीच सुवाच्य अक्षरात ठराव लिहून आणायचे. 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले की…' मग सभेत ते वाचायचे, सगळे सह्या करायचे आणि बाराच्या आत जेवायला घरी. सूचक आणि अनुमोदक पाळीने. ते चिटणीस वारले, पद्धत राहिली. कुणाचं काही वेगळं म्हणणं असेल तर तेवढी ओळ खोडायची, अशी सोय होती. माझ्या काळात ती कुणी वापरली नव्हती.

शनिवारी दुपारी मी इतिवृत्ताची वही घेऊन बसलो. 'श्रीमती ठोंबरे यांना ग्रंथपालपदी कायम करण्यात यावे' हे वाक्य मनात तयार होतं. ते लिहिलं असतं तर सभेत मला ते मोठ्यानं वाचावं लागलं असतं. बाहेर दोन्हीकडची पोरं बसणार. ती म्हणाली असती, कुंभोजकरनं लिहिलं. शिवाय अध्यक्षांच्या मनात कारवाई दिसत होती. 'नेमणूक रद्द' लिहायला हात होईना. मग मी मधला मार्ग काढला. 'सद्यःस्थिती विचारात घेता श्रीमती ठोंबरे यांच्या नेमणुकीचा विषय तूर्त स्थगित ठेवण्यात यावा.' स्थगित. ना हो, ना नाही. शब्द मला इतका बरा वाटला की मी तो दोनदा वाचला. पंचेचाळिशीचा नियम मला आठवत नव्हता असं नाही. पण खाली मी मुद्दाम दोन ओळी कोऱ्या सोडल्या. उद्या कुणीतरी बोलेल, मी ही ओळ खोडेन आणि कोऱ्या जागेत बाईंना कायम करून टाकेन. सातातल्या चौघांचं मत मला माहीत होतं. मी स्वतः त्यांतच होतो.

रविवारी दहाला पोचलो तेव्हा व्हरांड्यातल्या एका बाकावर अमुकवाले चार आणि समोरच्या बाकावर तमुकवाले चार बसलेले होते. भांडण नाही, घोषणा नाही. सगळे वाचत होते. त्यांच्यातल्या एकानेही आमच्याकडून कधी पुस्तक नेलेलं नव्हतं, त्यामुळे ते दृश्य फार भीतीदायक होतं.

आत आम्ही सात जण टेबलाभोवती आणि दाराजवळच्या स्टुलावर हजेरीपट घेऊन मालनताई. नेहमीपेक्षा चांगली साडी होती. चेहरा निवांत.

पहिला विषय झाला. मी घसा साफ करून दुसरा वाचला. 'तूर्त स्थगित ठेवण्यात यावा' इथपर्यंत आलो आणि थांबलो.

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"असं लिहिलंय होय?"

"हो," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी चष्मा परत लावला. "कुणाला काही बोलायचंय?"

पंखा फिरत होता. पोवार पेनाचं टोपण उघडून आत काही आहे का बघत होते. केस कापून घेताना भेटलेले सदस्य स्वतःची मान चाचपत होते. बाकीच्या तिघांचं म्हणणं मला माहीत नव्हतं, आणि चेहऱ्यांवरून ते त्यांनाही माहीत नसावं.

मालनताईंनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे नव्हती. काउंटरवर रांगेतल्या माणसाकडे बघतात तसं, आता तुमचा नंबर, इतकंच. मी तोंड उघडलं. तेवढ्यात व्हरांड्यात कुणीतरी पान उलटलं. उघडलेल्या तोंडाचं काहीतरी करायला हवं म्हणून मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा संपवला.

"मग सर्वानुमते," डॉक्टर म्हणाले.

वही फिरली. पोवारांनी सही करता करता हात आखडला. "सूचक म्हणून माझं नाव आहे हितं."

"पाळी तुमची आहे, दिनकरराव."

"हां. पाळी असली तर मग काय." आणि त्यांनी सही केली.

मालनताईंनी हजेरीपटावरची तारीख एकदा तपासली. मग विषयपत्रिका उचलून सरळ आवाजात वाचलं, "विषय क्रमांक तीन, छपराचे पत्रे."

"ते पुढच्या सभेत घेऊ," डॉक्टर म्हणाले. यावर मात्र दहा मिनिटं चर्चा झाली, पुढची सभा पावसाआधी घ्यावी की नंतर.

बाहेर आलो तेव्हा दोन्ही बाकांवरच्या पोरांनी विचारलं, काय झालं? स्थगित, असं मी सांगितलं. दोघांनाही आपला विजय झाल्यासारखं वाटलं. एकानं तर मला नमस्कार केला.

पुढचं फार नाही. महिना उलटला, पंचेचाळीस पूर्ण झाली. जाहिरात देऊन बाहेरचे एक ग्रंथपाल आणले. ते पुन्हा 'नोंद घेतली' लिहू लागले आणि सगळं सुरळीत झालं. मालनताई चार महिने सहायक म्हणून राहिल्या आणि मग त्यांनी राजीनामा दिला. आम्ही त्यांना शाल आणि नारळ दिला. भाषण मी केलं. सगळे म्हणाले, चांगलं झालं. दोन वर्षांनी नगरपालिकेच्या निवडणुकीत अमुकवाले आणि तमुकवाले एकाच पॅनेलमध्ये उभे राहिले. पत्रकावर दोन्ही महापुरुष शेजारी शेजारी होते. वाचनालयाचं नाव आहे तेच आहे.

गेल्या वर्षी डॉक्टर पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दुपारी चारच्या सुमारास मी भेटायला गेलो. सुनेनं चहा आणून दिला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ते एकदम म्हणाले,

"कुंभोजकर, एक विचारू? आता माझं काय राहिलंय म्हणा. त्या ठोंबरेबाईंना तुम्ही तसं का केलंत?"

"मी?"

"मी तुम्हाला म्हटलं, असं लिहा की प्रकरण मिटेल. मला वाटलं, तुम्ही बाईंना कायम करून टाकाल सफाईदार शब्दांत, म्हणजे मला बोलायला नको. आणि तुम्ही वाचलंत ते भलतंच. मी विचारलंसुद्धा, असं लिहिलंय होय? तुम्ही ठणकावून हो म्हणालात."

"ठणकावून नाही म्हणालो."

"मला तसं वाटलं. म्हटलं, माणूस एवढं ठाम लिहून आणतोय म्हणजे आत काहीतरी असणार. उगीच तुमच्या नादी कशाला लागा? बाकीच्यांनाही तसंच वाटलं. पोवार बाहेर पडल्यावर मला म्हणाला, मास्तर साधा दिसतो, पण आतून कट्टर निघाला."

चहा निवला होता. तरी मी घोटभर घेतला.

"कुणाकडचा कट्टर?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "ते नक्की नाही सांगता येत. पण कट्टर. गावात तसंच धरून चालतात आता. म्हणून तर तुमच्यासमोर कुणी काही बोलत नाही."

इतकी वर्षं गावातले लोक माझ्याशी हवापाण्यावर बोलायचे, ते मी माझ्या वयाला मिळालेला मान समजत होतो.

"आणि तुमचं मत काय होतं, डॉक्टर?" मी विचारलं.

"माझं? पत्रे बदलायला हवे होते," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मालनताई शेजारच्या तालुक्यात डोळ्यांच्या एका दवाखान्यात केसपेपर काढतात, एवढं मला माहीत होतं. डॉक्टरांकडे गेलो त्याच्या पुढच्या शनिवारी मी एस.टी.नं तिथे गेलो. डोळ्यांना तसं काही झालेलं नव्हतं, पण हात हलवत कसं जायचं? काउंटरमागे त्या होत्या. केस पिकलेले, अक्षर तेच.

"सर तुम्ही? काय होतंय?"

"दिसत नाही नीट," मी म्हणालो.

त्यांनी नाव, वय लिहून घेतलं. मागे रांग नव्हती. मी घाईघाईनं सांगून टाकलं. डॉक्टर बाजूनं होते, पोवार बाजूनं होते, मी होतो, दूधवाल्याकडे भेटलेले, केस कापताना भेटलेले, कुणाचंच वाकडं मत नव्हतं. हे तुम्हाला कळायला हवं असं वाटलं म्हणून आलो.

मालनताईंनी केसपेपर फाईलला लावला.

"माहीत होतं की मला."

"माहीत होतं?"

"त्या आठवड्यात सातही जण आले होते ना काउंटरवर. एकेकटे. बाई, तुमचं बरोबर आहे, आमचा पाठिंबा आहे, पण बोलू नका कुठे. डॉक्टर शुक्रवारी आले. पोवार तर दोनदा आले. पहिल्यांदा सांगितलेलं कुणी ऐकलं का, ते विचारायला." त्या किंचित हसल्या. "मी बोटांवर मोजलं होतं सर. सात. म्हणून तर निवांत होते त्या दिवशी. येताना अर्धा किलो पेढे घेऊन आले होते, सह्या झाल्यावर वाटायला."

त्यांनीच पुढे सांगितलं.

"पेढे घरी नेले. पोरीनं पुडा बघितला आणि उड्याच मारायला लागली. मग म्हटलं, हो, झाले कायम. चार महिने तेच सांगत होते तिला. राजीनामा दिला तेव्हा सांगितलं, कंटाळा आला म्हणून सोडली."

"खरं का नाही सांगितलंत?"

आतून नर्सनं पुढचा नंबर पुकारला. तो माझाच होता. मालनताईंनी केसपेपर माझ्या हातात दिला.

"तिनं विचारलं असतं ना सर, आई, विरोधात कोण होतं? मग कुणाचं नाव सांगणार होते मी?"